अर्ज करण्यापूर्वीची तीन वर्षे

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते जबलपूर येथे पश्चिम मध्य रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनिअर आहेत.)



मी काही व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यातच दिवस जातात. तरी कार्यकारिणीने मला बोलायला उभे केले, याचे कारण असे की दरवर्षी आमसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अहो, सरकार एवढ्या ग्रँट देते, कंपन्या देतात, मग आपल्याच मंडळाला का मिळत नाही?" प्रश्न विचारून झाला की चहा येतो आणि विषय तिथेच संपतो. या वर्षी अध्यक्षांनी ठरवले की चहाच्या आधी उत्तर मिळाले पाहिजे. एस्टिमेट आणि बिले करण्यात माझी नोकरी जात असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. चहा तयार आहे, पण तो माझे बोलणे संपल्यावरच मिळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो!

अनुदान हा विषय हवेत बोलून समजत नाही, म्हणून एकच काम डोळ्यांसमोर ठेवू. आपला हा हॉल गणपतीचे दहा दिवस, दिवाळी पहाट, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि चार-दोन लग्नकार्ये सोडली तर संध्याकाळी कुलूपबंद असतो. ग्रंथालयाची दोन कपाटे आहेत, त्यांनाही कुलूप. ज्यांच्यासाठी ती पुस्तके घेतली होती ती आपली मुले आता पुण्याला, बंगळुरूला आणि त्याहून लांब गेली आहेत. आणि रेल्वे लाइनच्या पलीकडे, चालत सात-आठ मिनिटांवर वस्ती आहे. तिथे एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. संध्याकाळी त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत टी.व्ही. आणि त्याच खोलीत दहावीचा अभ्यास. पुष्कळ मुले रेल्वेच्या दिव्याखाली येऊन बसतात. लाइनच्या कडेला मूल बसलेले दिसले की माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तर प्रस्ताव असा आहे की या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका चालवावी. त्यासाठी छोटे अनुदान मिळेल का, आणि कसे?

प्रथम पैसे कुठून येतात ते पाहू.

पहिला दरवाजा लोकप्रतिनिधींच्या निधीचा. खासदार निधीची योजना १९९३ साली सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. इथे 'सुचवता' हा शब्द महत्त्वाचा आहे. खासदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम सरकारी यंत्रणा करते. मंडळाच्या हातात चेक पडत नाही. लोकांच्या उपयोगाची टिकाऊ मालमत्ता उभी राहावी यासाठी हा निधी आहे. रोजच्या खर्चाला तो नाही आणि पूजास्थानाच्या आतल्या कामालाही नाही. त्यामुळे मंडपाच्या शेडसाठी खासदारांकडे जाण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोविडमुळे एप्रिल २०२० मध्ये ही योजना थांबवली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांचा सगळा भरवसा त्या एकाच निधीवर होता त्यांना तेवढा काळ हात बांधून बसावे लागले. म्हणून एकाच दारात उभे राहू नये.

दुसरा दरवाजा कंपन्यांचा. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका तरी मर्यादेला पोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. यालाच आपण सी.एस.आर. म्हणतो. शिक्षण त्यात बसते आणि कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात आहे. फॅक्टरीतल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. आपली खमरिया फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली आणि तिचे मुख्यालय पुण्याला आहे. म्हणजे नफ्याच्या अटीत बसणाऱ्या कंपनीकडे अर्ज करताना गेटवरच्या साहेबांची ओळख पुरत नाही, कागद मुख्यालयापर्यंत जातो आणि तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. तिथे बोलतो तो फक्त कागद.

तिसरा दरवाजा पुस्तकांचा. कोलकात्याला राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली काम करते आणि सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके, कपाटे, टेबल-खुर्च्या, इमारत अशा कामांसाठी साहाय्य देते. तिच्या काही योजनांत राज्य सरकारचा वाटा असतो, काहींत नसतो. पण तिची अट नावातच आहे. ग्रंथालय सार्वजनिक हवे. कुलूप लावलेले कपाट हे सार्वजनिक ग्रंथालय होत नाही, मग आत कितीही चांगली पुस्तके असोत.

आता या तिन्ही दरवाजांवर काय विचारतात ते ऐका, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब दाखवा, तीन वर्षे काय काम केले ते दाखवा. सी.एस.आर.च्या नियमांत तर सरळ लिहिले आहे की बाहेरच्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. पहा, आपण अभ्यासिकेसाठी अर्ज करणार, आणि ते विचारणार की तीन वर्षे अभ्यासिकेसारखे काय चालवले? म्हणजे पैसे मिळाले की काम सुरू करू, असे म्हणणाऱ्याला पैसे कधीच मिळत नाहीत. अर्ज आपण ज्या दिवशी टाइप करतो त्या दिवशी तो सुरू होत नसतो. तो तीन वर्षे आधी सुरू झालेला असतो, आणि तेव्हा हातात काहीच नसते. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हे इथे चालायचे नाही.

मग ती तीन वर्षे कशी घालवायची? पहिले काम कागदांचे. आपले मंडळ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदलेले आहे. त्या कायद्यानुसार दरवर्षी कलम २७ खाली कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ खाली ऑडिट केलेले हिशेब रजिस्ट्रारकडे जायला हवेत. निवडणूक झाली, हार घातले, पेढे वाटले आणि यादी मात्र गेली नाही, असे पुष्कळ संस्थांत होते. मग चार वर्षांनी बँक विचारते की तुमचे आजचे सचिव कोण, आणि कागदावर दिसतात ते कधीच बदली होऊन गेलेले असतात. आपण रेल्वेवाले तर बदलीवरच जगतो, त्यामुळे आपल्याला हे जास्त सांभाळावे लागते.

दुसरे, प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी. १९६१ च्या कायद्यातील कलमांवरून आपण तिला '१२-अ' आणि '८०-जी' म्हणतो. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी लोकांच्या तोंडी नावे तीच आहेत. ही नोंदणी आता कायमची नसते, मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा निधी घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेला सी.एस.आर.-१ हा फॉर्मही भरावा लागतो, आणि सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो. यातले काही अवघड नाही. एक चांगला सी.ए. आणि सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवणारा एक चिकट माणूस, एवढे पुरते.

इथे एक नाजूक मुद्दा येतो. ८०-जी असलेल्या संस्थेला धार्मिक बाबींवर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि संस्था एखाद्या धर्माच्या किंवा जातीच्याच भल्यासाठी असून चालत नाही. आपला गणेशोत्सव तर आपला श्वास आहे, तो कमी करा असे मी म्हणत नाही. पण उत्सवाचे आणि अभ्यासिकेचे हिशेब एकाच वहीत घालून आपण या सवलतीच्या दारात गेलो तर आपल्यालाच अडचण होईल. अभ्यासिका आणि ग्रंथालयासाठी वेगळा ट्रस्ट करायचा की दुसरी काही व्यवस्था, हे सी.ए. आणि वकिलांना विचारून आमसभेने ठरवावे. तोपर्यंत निदान बँक खाते आणि पावतीपुस्तक तरी वेगळे असू द्या.

आता प्रत्यक्ष अर्ज. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या एस्टिमेटबरोबर जस्टिफिकेशन जोडावे लागते. हे काम का, इथेच का, आत्ताच का. अर्जाचेही तसेच आहे. "परिसरातील गरीब मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी" हे वाक्य पाहा. ऐकायला गोड, पण त्यातून किती मुले, कुठली, कशासाठी, काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा, "आमच्या हॉलपासून चालत आठ मिनिटांवरच्या वस्तीतील पाचवी ते दहावीच्या ३० मुलांसाठी, रोज संध्याकाळी ६ ते ९, वर्षातले २५० दिवस." वाचणाऱ्या साहेबाला हॉल दिसतो, मुले दिसतात. पण असे लिहायचे तर आधी वस्तीत जाऊन घरोघर मोजणी करावी लागते. आणि त्या मुलांच्या आयांना विचारावे लागते की तुम्हाला खरेच हे हवे आहे का, मुली अंधार पडल्यावर परत कशा येतील, लाइन ओलांडायला फूटओव्हर ब्रिज आहे का. रूळ ओलांडून एकही मूल आपल्या अभ्यासिकेत येता कामा नये, ही अट मी रेल्वेचा माणूस म्हणून घालतो आहे.

त्यानंतर एस्टिमेट. नमुन्यादाखल आकडे सांगतो. समजा, दोघांनी बसायची १५ डेस्क-बाके, प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ६७,५०० रुपये. तीन कपाटे २७,०००. चार पंखे ८,८००. आठ एल.ई.डी. पट्ट्या २,८००. वायरिंग १४,०००. पुस्तके ४०,०००. पाणी शुद्ध करायचे यंत्र १६,०००. बेरीज १,७६,१००. यातली प्रत्येक किंमत तीन दुकानांच्या कोटेशनवरून आलेली असावी आणि ती कोटेशने अर्जाला जोडलेली असावीत. दोन लाख, पाच लाख असा गोल आकडा दिसला की तपासणाऱ्याला शंका येते की यांनी बाजारात पाऊल टाकलेले नाही. आणि कृपा करून, "साहेब निम्मेच देतील" म्हणून दुप्पट आकडा लिहू नका. साहेबांनी उद्या पूर्ण दिले तर उरलेल्या पैशाचे काय करणार?

ही झाली एकदाच लागणारी रक्कम. पण अभ्यासिका एकदाच लागत नाही, ती रोज लागते. वीज महिन्याला ८००, देखरेख करणाऱ्या ताईंना ४,०००, झाडलोट ७००. म्हणजे ५,५०० महिना, वर्षाचे ६६,०००. छोटी अनुदाने बहुतेक वस्तू घ्यायला मिळतात, चालवण्याचा खर्च कोणी सहसा देत नाही. मोठ्या मनाने खोली बांधली, उद्घाटन झाले, फोटो छापून आला आणि वर्षभरात दाराला कुलूप, असे या देशात किती ठिकाणी झाले असेल! तेव्हा अर्जात एक ओळ हवी, "चालू खर्च मंडळ करील." आणि ती ओळ खरी हवी. हिशेब सोपा आहे. मंडळातल्या ११० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले की ५,५०० होतात.

तुम्ही म्हणाल, पन्नास रुपयांनी काय होते? आपल्याच इतिहासात पैसा फंड होऊन गेला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ते साल १९०८. ज्या टिळकांमुळे १८९३ पासून हा उत्सव सार्वजनिक झाला, त्यांचेच हे दुसरे काम. उत्सव आपण मनापासून उचलला, पैसा फंड मात्र पुस्तकात राहिला. अनुदान देणारा सुद्धा आधी हेच पाहतो की यांनी स्वतःच्या खिशात हात घातला आहे का.

पैसे आल्यानंतरचा भाग लोक विसरतात. केंद्र सरकारचे अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, नमुना १२-अ, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. अनुदानाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूंचे रजिस्टर ठेवायचे, आणि त्या वस्तू मंजुरीशिवाय विकायच्या नाहीत. माझा सल्ला असा की अर्ज लिहिण्याआधी हे प्रमाणपत्र कोरे समोर ठेवा आणि विचारा, वर्षानंतर यावर आपण काय लिहू शकू? जे लिहिता येणार नाही ते अर्जातही घालू नका. रुळावरच्या कामाची मापे आम्ही एम.बी.मध्ये चढवतो आणि त्यावरच बिल निघते. माप नाही तर बिल नाही. अभ्यासिकेचे एम.बी. म्हणजे रोजची हजेरीवही. आज किती मुले आली, कोणते पुस्तक कोणी नेले, दिवे किती वाजता बंद केले. ही वही तीन वर्षे नीट ठेवली तर अर्जाला दुसरी शोभा लागत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली, नोकरीत असलेल्या माझ्या रेल्वेच्या बांधवांसाठी. रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ प्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय आपण निधी गोळा करण्याच्या कामात भाग घेऊ शकत नाही. म्हणून देणगी मागणाऱ्या पत्रावर सही करण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्या, किंवा ती सही निवृत्त मंडळींना करू द्या. काका, तुम्हाला रिटायर होऊन कंटाळा आला असे तुम्ही म्हणता ना, हे काम तुमचेच!

दुसरी, परदेशातल्या मुलांच्या देणगीची. मुलगा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, आणि त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत रक्कम पाठवली, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. मात्र त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर, पोटचा मुलगा असला तरी, कायद्याने ती विदेशी देणगी होते. त्यासाठी एफ.सी.आर.ए.ची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. तेव्हा पावती फाडण्यापूर्वी पासपोर्ट विचारा. यात कोणाचा अपमान नाही.

शेवटी एक आक्षेप. तो मला खाजगीत ऐकवला गेला आहे, म्हणून उघडपणे उत्तर देतो. "हा हॉल आपल्या वाडवडिलांनी मराठी माणसांसाठी बांधला, इथे बाहेरची मुले कशाला?" हे म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही. हॉल खराब होईल, वस्तू जातील, आपले आपल्याला उरणार नाही, ही धास्ती आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. किल्ली कोणाकडे, जबाबदारी कोणाची, उत्सवाच्या दहा दिवसांत अभ्यासिका कुठे बसेल, हे सगळे लिहून ठरवू. पण दुसरी बाजूही पाहा. नर्मदेच्या काठच्या या गावाने आपल्या तीन-तीन पिढ्यांना नोकरी दिली, घर दिले, स्मशानात जागा दिली. इथल्या मुलांसाठी आपण एक खोली तीन तास उघडू शकत नसू, तर कंपनीने किंवा सरकारने आपल्यासाठी तिजोरी का उघडावी? आणि आपली मुले इथे नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. हा हॉल भरायचा असेल तर जी मुले इथे आहेत त्यांनीच तो भरणार.

तेव्हा माझी मागणी अनुदानाची नाही. येत्या आमसभेत ठराव करा की दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून अभ्यासिका सुरू होईल. डेस्क नकोत, याच सतरंज्या पुरतील. दिवे आहेत, पंखे आहेत, दोन कपाटांच्या किल्ल्या आहेत. मोजणीसाठी चार तरुण, देखरेखीसाठी दोन ताई, फाइल सांभाळायला एक काका आणि महिन्याला पन्नास रुपये देणारी घरे, एवढी नावे आज इथेच लिहून द्या. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, चहाच्या शेजारीच! तीन वर्षांनी अर्ज करायला मी स्वतः बसेन. आणि समजा तो अर्ज नामंजूर झाला, तरी तीस मुलांची तीन वर्षे आपल्या खात्यावर जमा असतील.



गणपती बाप्पा मोरया!